चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला : कॅनडाच्या ‘फिनिक्स’ची कहाणी

१/
२४ फेब्रुवारी २०१६ रोजी कॅनडाच्या केंद्र सरकारने ३४ खात्यांतील सुमारे १ लाख २० हजार कर्मचाऱ्यांचा पगार एका नव्या संगणकप्रणालीवर सोपवला. राखेतून पुन्हा झेप घेणाऱ्या पुराणकथेतील पक्ष्याचे नाव तिला दिले होते, ‘फिनिक्स’. २१ एप्रिलला उरलेली ६७ खातीही तिच्यात सामील झाली. एकूण १०१ खाती, २ लाख ९० हजार कर्मचारी आणि वर्षाला सुमारे २,२०० कोटी डॉलरचे वेतन. या बदलातून दरवर्षी ७ कोटी डॉलर वाचतील, असा सरकारचा हिशेब होता. तो हिशेब कसा मांडला गेला आणि कसा फसला, याचा हा इतिहास.

२/
राज्यसंस्थेच्या इतिहासात पगार ही किरकोळ बाब कधीच नव्हती. सैन्याचा तनखा थकला की साम्राज्ये डळमळत आणि कारकुनांचा थकला की दप्तरे ओस पडत. परंतु कॅनडात खजिना रिता नव्हता. युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, बँका सुरळीत चालू होत्या. पैसा तिजोरीत असूनही तो योग्य माणसाच्या हाती योग्य रकमेने पोहोचवण्याची क्षमता सरकारने गमावली होती. ती एका दिवसात गेली नाही. तिची मुळे शोधायची तर अर्धशतक मागे जावे लागते.

३/
सरकारी कारकुनाविषयी फारसे चांगले बोलण्याची प्रथा जगात कुठेच नाही. मराठीत त्याच्या कामाला ‘खर्डेघाशी’ म्हणतात, आणि त्या शब्दातच तुच्छता भरलेली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लोकभावनेला एका विचाराचे बळ मिळाले. सरकार हा एक अवाढव्य आणि आळशी उद्योग आहे, तो खासगी कंपनीसारखा चालवला पाहिजे आणि तसा तो कसा चालवावा हे बाहेरच्या तज्ज्ञांना अधिक कळते, असा तो विचार होता. कॅनडात त्याला अधिकृत व्यासपीठ मिळाले ते १९६० मध्ये.

४/
त्या वर्षी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने शासनयंत्रणेच्या रचनेचा अभ्यास करण्यासाठी एक शाही आयोग नेमला. अध्यक्ष होते उद्योगजगतातून आलेले जे. ग्रँट ग्लासको. आयोगाच्या अभ्यासगटांत खासगी व्यवस्थापन सल्लागार मोठ्या संख्येने होते. अहवालाचा आशय असा, की खात्यांवरची मध्यवर्ती बंधने सैल करावीत आणि व्यवस्थापकांना व्यवस्थापन करू द्यावे. अहवालात तथ्य बरेच होते, कारण क्षुल्लक खर्चालाही वरून मंजुरी लागण्याची तेव्हाची पद्धत खरोखरच जाचक होती. मात्र त्यासोबत सल्लागारांना सरकारच्या दारातून आत येण्याची वाटही सापडली. पुढे ती वाट रुंदच होत गेली.

५/
ब्रिटनमध्ये १९७९ साली मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या, तेव्हा तिथे सुमारे ७ लाख ३२ हजार मुलकी कर्मचारी होते. थॅचर यांनी ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ या दुकानसाखळीतील डेरेक रेनर यांना कार्यक्षमतेचे सल्लागार नेमले आणि कर्मचारीसंख्या ६ लाख ३० हजारांवर आणण्याचे लक्ष्य ठरवले. १९८४ पर्यंत ते साध्य झाले. कर्मचाऱ्यांची घटती संख्या हेच सुशासनाचे मोजमाप, ही धारणा तेव्हापासून इंग्रजीभाषक जगात पक्की झाली. राजकारण्यांच्या दृष्टीने हे मोजमाप सोयीचे होते. एकच आकडा, आणि तो दरवर्षी खाली जाताना दाखवता येई.

६/
कॅनडात उदारमतवादी आणि पुराणमतवादी, दोन्ही पक्षांनी हीच वाट धरली. १९९५ च्या अर्थसंकल्पात उदारमतवादी अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी ४५ हजार सरकारी पदे कमी करण्याची घोषणा केली. तूट खरोखर मोठी होती आणि पुढच्या काही वर्षांत ती भरूनही निघाली. २०१२ मध्ये पुराणमतवादी अर्थमंत्री जिम फ्लाहर्टी यांनी आणखी १९,२०० पदांवर कुऱ्हाड चालवली. फिनिक्सची कथा या दुसऱ्या कपातीच्या काळातली आहे.

७/
पदकपातीचे आकर्षण समजून घ्यायचे तर सरकारी हिशेबाची रचना पाहावी लागते. कायम कर्मचारी ‘आस्थापना’ या सदरात मोजला जातो. त्याचे पद असते, क्रमांक असतो, निवृत्तिवेतन असते. सल्लागाराची मोजणी तशी होत नाही. त्याचे बिल सेवा, कंत्राट किंवा प्रकल्प अशा निराळ्या सदरात पडते. एका सदरातला खर्च उतरून दुसऱ्यात चढला, तरी ‘पदे कमी झाली’ हे विधान खरेच राहते. दोन्ही सदरे शेजारी मांडून बेरीज करण्याची सवय अर्थसंकल्पाच्या भाषणांना नसते. ते काम बहुधा काही वर्षांनी लेखापरीक्षकाच्या वाट्याला येते.

८/
आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कॅनडाच्या खात्याखात्यांत ‘वेतन सल्लागार’ नावाचे कर्मचारी असत. नाव सल्लागाराचे असले तरी ते सरकारचेच कायम नोकर होते, म्हणजे आपल्याकडचे पगारपत्रकाचे कारकून. त्यांच्यासमोर १०५ हून अधिक सामूहिक करार आणि वेतनाचे ८० हजारांवर नियम होते. तुरुंगातील पहारेकऱ्याची रात्रपाळी, तटरक्षक नौकेवरील खलाशाचे समुद्रातले दिवस, दुर्गम उत्तरेतील परिचारिकेचा भत्ता, वरिष्ठाच्या रजेत तात्पुरते वरचे पद सांभाळणाऱ्याचा फरक, अशा प्रत्येक बाबीचे गणित वेगळे होते.

९/
या कारकुनांचे बरेचसे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत उतरलेले नव्हते. कोणत्या विभागातून हजेरीचे कागद नेहमी उशिरा येतात, कोणता नियम कोणत्या करारात वेगळा वाचायचा, प्रणालीने चुकीचा आकडा काढला की तो हाताने कुठे दुरुस्त करायचा, हे वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेले असे. पगार अचूक होत असल्यामुळे हे श्रम कुणाला दिसत नव्हते. जे दिसत नाही ते अनावश्यक ठरवणे सोपे जाते.

१०/
तरीही सुधारणेची गरज खोटी नव्हती. जुनी वेतनप्रणाली सुमारे ४० वर्षांची होती आणि तिची देखभाल करणे अवघड होत चालले होते. बदल टाळणे हाही तोडगा नव्हता. त्यामुळे २००९ मध्ये स्टीफन हार्पर यांच्या सरकारने वेतनव्यवस्थेच्या परिवर्तनाला मंजुरी दिली, हे पाऊल मुळात गैर म्हणता येत नाही. योजनेचे दोन भाग होते. पहिल्या भागात विखुरलेले वेतन सल्लागार एका केंद्रात आणायचे होते आणि दुसऱ्यात जुनी प्रणाली बदलायची होती. एकूण अंदाज ३१ कोटी डॉलरचा आणि २०१६-१७ पासून वार्षिक बचत ७ कोटींची. ही बचत मुख्यतः माणसे कमी करूनच व्हायची होती.

११/
केंद्र कुठे उभारावे, याचा निर्णय राजकारणाने केला. पूर्वेकडील न्यू ब्रन्सविक प्रांतात मिरामिशी नावाचे जेमतेम १८ हजार वस्तीचे गाव आहे. तिथे बंदुकांच्या राष्ट्रीय नोंदणीचे कार्यालय होते आणि हार्पर सरकारला ती नोंदणीच रद्द करायची होती. जाणाऱ्या नोकऱ्यांची भरपाई म्हणून वेतन केंद्र त्या गावाला देण्यात आले. गावाच्या दृष्टीने हा न्याय होता. पण राजधानी ओटावात आणि इतर शहरांत घर-संसार असलेले अनुभवी कारकून एवढ्या दूरच्या गावी जाण्यास फारसे राजी नव्हते. मग त्यांच्या जागी नवखी माणसे भरण्यात आली.

१२/
आकडे बोलके आहेत. ४६ खात्यांतील सुमारे १,२०० वेतन सल्लागारांची पदे रद्द झाली. त्यांच्या बदल्यात मिरामिशीत ४६० सल्लागार आणि ९० सहायक आले. आधी एक सल्लागार सरासरी १८४ कर्मचाऱ्यांचे पगार सांभाळत असे. नव्या केंद्रात तो २०० सांभाळेल, असे कागदावर गृहीत धरले होते. प्रत्यक्षात नवखा सल्लागार १५० पर्यंतच पोहोचू शकला. म्हणजे नवी प्रणाली सुरू होण्यापूर्वीच कामाचा डोंगर साचू लागला होता. या कपातीचा सगळा भरवसा त्या प्रणालीवर होता, आणि प्रणाली अजून तयार व्हायची होती.

१३/
प्रणाली उभारण्याचे कंत्राट जून २०११ मध्ये आयबीएम या कंपनीला मिळाले. सुरुवातीची रक्कम होती ५७ लाख डॉलर. बाजारात मिळणारे ‘पीपलसॉफ्ट’ हे तयार सॉफ्टवेअर घेऊन ते कॅनडाच्या नियमांना जुळवून द्यायचे होते. परंतु ८० हजार नियमांचा अंगरखा तयार मापाच्या कपड्यातून निघत नाही. त्यासाठी २०० हून अधिक खास उपप्रणाली लिहाव्या लागणार होत्या. २०१२ च्या वसंतात, नियोजनाचा टप्पा संपल्यावर, कंपनीने उभारणीचा अंदाज सांगितला : २७ कोटी ४० लाख डॉलर. सरकारने मंजूर केली होती साडेपंधरा कोटींची रक्कम.

१४/
या क्षणी प्रकल्पाच्या प्रमुख अधिकाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. जादा निधी मागावा, मुदत वाढवावी किंवा काम छाटावे. त्यांनी काम छाटले. मागील तारखेपासून लागू होणाऱ्या वेतनाची गणिते आपोआप करण्यासारखी महत्त्वाची कार्ये वगळली किंवा पुढे ढकलली गेली. प्रकल्पावरची माणसे कमी झाली आणि वेळापत्रकही आवळण्यात आले. घराचा खर्च बसेना म्हणून नकाशातून पाया आणि जिना वगळावा, तसा हा प्रकार होता. कागदावर मात्र प्रकल्प अंदाजपत्रकात बसला आणि त्याच यशाची नोंद वरपर्यंत गेली.

१५/
आधी थोड्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग करून पाहायचा, ही अशा कामातली प्राथमिक खबरदारी. तो प्रयोगही रद्द झाला, कारण त्यासाठी थांबले असते तर मुदत चुकली असती. ट्रेझरी बोर्डाच्या सचिवालयाने बाहेरील सल्लागारांकडून स्वतंत्रपणे अभ्यास करवला. त्या अहवालात धोक्यांची नोंद होती आणि जुनी प्रणाली काही काळ समांतर चालू ठेवण्याची शिफारस होती. जानेवारी २०१६ मध्ये १४ खात्यांनी आपल्या चिंता उघडपणे मांडल्या. प्रकल्पाच्या खात्याने आणखी एक बाहेरचे मत मागवले, पण कुणाला भेटायचे आणि काय विचारायचे हे प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनीच ठरवून दिले. ते मत अनुकूल आले.

१६/
इथे या इतिहासातला कळीचा मुद्दा येतो. एक सल्लागार ‘थांबा’ म्हणत होता आणि दुसरा ‘चला’. दोघांपैकी खरे कोण, हे ठरवायला घरातले जाणकार हवेत. वीस वर्षे पगारपत्रके केलेला कारकून त्या प्रणालीसमोर तासभर बसला असता, तर तिचे अपुरेपण त्याने सहज दाखवले असते. पण तो कारकून एव्हाना निवृत्त झाला होता किंवा दुसऱ्या खात्यात गेला होता. उरलेल्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचत नव्हता, कारण खात्याच्या सचिवाला मिळणारी सगळी माहिती प्रकल्पाच्या त्याच अधिकाऱ्यांच्या हातून जात होती. सरकारने पदांबरोबर पारखही गमावली होती. बाजारात पारख नसलेल्या गिऱ्हाइकाचे जे होते, तेच पुढे झाले.

१७/
ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले होते. जस्टिन ट्रुडो यांच्या नव्या सरकारला प्रकल्प थांबवता आला असता. पण जुने कर्मचारी गेलेले, अपेक्षित बचत हिशेबात धरलेली, आणि वरपर्यंत येणारा निरोप ‘सर्व तयार आहे’ असा. फेब्रुवारीत प्रणाली सुरू झाली. पहिल्या आठवड्यांतच तक्रारी येऊ लागल्या, तरी एप्रिलचा दुसरा टप्पा ठरल्याप्रमाणे पार पडला. उन्हाळा येईपर्यंत एक प्रगत राष्ट्र आपल्याच नोकरांना पगार देण्यासाठी धडपडू लागले होते.

१८/
कुणाला अनेक पंधरवडे काहीच मिळाले नाही, कुणाला अर्धे मिळाले, तर कुणाला भलतेच जास्त. प्रसूतीच्या रजेवर गेलेल्या स्त्रिया, हंगामी कामगार, नुकतेच रुजू झालेले तरुण आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरची माणसे यांची स्थिती सर्वांत वाईट झाली. कारण स्थितीत बदल झाला की प्रणाली चुके. घराचे हप्ते थकले, उसनवारी झाली, साठवलेली पुंजी मोडली. पगाराचे गणित बिघडेल या भीतीने काहींनी बढती नाकारली, तर काहींनी रजा पुढे ढकलली. सरकारी नोकरीचे सारे आकर्षण स्थैर्यात असते, आणि नेमके तेच नाहीसे झाले होते.

१९/
जास्त पगार मिळालेल्यांची कथा आणखी चमत्कारिक. त्यांच्या हाती कर आणि इतर वजावटी होऊन उरलेली रक्कम आली होती, पण वर्ष उलटल्यावर परतफेड मागितली जाई ती वजावटीपूर्वीच्या पूर्ण रकमेची. जो पैसा कधी हाती आलाच नाही तो आधी सरकारला द्यायचा आणि मग करविभागाकडून परत मिळण्याची वाट पाहायची. हा नियम बदलण्यासाठी २०१९ मध्ये करकायद्यात दुरुस्ती करावी लागली. मजुरीची चूक सरकारची आणि व्याजाविना कर्ज मात्र कर्मचाऱ्याने सरकारला द्यायचे, असा हा उलटा व्यवहार तोवर चालू होता.

२०/
३० जून २०१७ ची स्थिती महालेखापरीक्षकांनी नोंदवून ठेवली आहे. दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांची वेतनप्रकरणे दुरुस्तीच्या रांगेत होती. प्रलंबित अर्ज सुमारे ४ लाख ९४ हजार ५०० आणि चुकलेल्या वेतनाची एकूण रक्कम ५२ कोटी डॉलरहून अधिक. यात कमी दिलेले आणि जास्त दिलेले असे दोन्ही प्रकार होते. ज्या प्रणालीतून वर्षाला ७ कोटी वाचायचे होते, तिने सव्वा वर्षात त्याच्या सातपटीहून अधिक रकमेचा घोळ घातला होता.

२१/
मग उलटा प्रवास सुरू झाला. तात्पुरती वेतनकेंद्रे उघडली. गॅटिनो, विनिपेग, मॉन्ट्रियल अशा ठिकाणी माणसे बसवली गेली. जुन्या अनुभवी कारकुनांना परत बोलावण्याचे प्रयत्न झाले. वेतन सांभाळणाऱ्यांची संख्या पुढे मिरामिशीच्या मूळ संख्येच्या दुपटीहून अधिक झाली. आयबीएमच्या ५७ लाखांच्या कंत्राटात वारंवार दुरुस्त्या होत ते १८ कोटी ५० लाखांवर गेले आणि तिथेही थांबले नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात डागडुजीसाठी सहा वर्षांत मिळून ४३ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्याच वर्षी सिनेटच्या वित्त समितीने २०२३ पर्यंतचा अनपेक्षित खर्च २२० कोटींपर्यंत जाईल असा अंदाज दिला. पुढे एकूण खर्च ३०० कोटींचीही मर्यादा ओलांडून गेला.

२२/
या कथेतला सर्वांत बोचणारा भाग असा, की ती आधी एकदा घडून गेलेली होती. मार्च २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याने सुमारे ७८ हजार डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांसाठी नवी वेतनप्रणाली सुरू केली. तिथेही कंत्राटदार आयबीएमच होती. तिथेही नियमांचे जंजाळ होते, मुदतीची घाई होती आणि अपुऱ्या चाचण्या होत्या. मूळ किंमत सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, तर अंतिम खर्चाचा अंदाज १२० कोटींचा. यंत्राच्या चुका निस्तरण्यासाठी सुमारे हजार माणसे हाताने पगार करत बसली.

२३/
क्वीन्सलँडमध्ये माजी न्यायाधीश रिचर्ड चेस्टरमन यांच्या आयोगाने चौकशी केली. अहवाल ऑगस्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे फिनिक्स सुरू होण्याच्या अडीच वर्षे आधी. त्यात कंपनीवर टीका होतीच, पण सरकारला आपल्याला नेमके काय हवे हेच सांगता आले नाही, असा ठपकाही होता. राज्याने पुढे कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. तो डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयात टिकला नाही, कारण २०१० च्या तडजोडीत सरकारने आपले हक्क स्वतःच सोडून दिले होते. उलट कंपनीचा न्यायालयीन खर्च राज्याने द्यावा, असा आदेश झाला.

२४/
मे २०१८ मध्ये कॅनडाचे महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी फिनिक्सवरील दुसरा अहवाल संसदेपुढे ठेवला. प्रकल्पाचे व्यवस्थापन आणि देखरेख या दोन्हींचे हे ‘अनाकलनीय अपयश’ आहे, असे त्यांनी म्हटले. दोष केवळ प्रणालीत नसून प्रशासनाच्या संस्कृतीत आहे, वाईट बातमी वर सांगण्याची भीती आणि मुदत-अंदाजपत्रक सांभाळल्याचे समाधान यांनी हे घडवले, असा त्यांचा रोख होता. देशाचे सर्वोच्च मुलकी अधिकारी मायकेल वॉर्निक यांनी संस्कृतीविषयीच्या या निष्कर्षाला जाहीर हरकत घेतली. वाद मिटला नाही. फर्ग्युसन फेब्रुवारी २०१९ मध्ये निधन पावले, तेव्हाही प्रलंबित प्रकरणांची रांग संपलेली नव्हती.

२५/
सगळा दोष सल्लागारांवर ढकलणे सोयीचे असले तरी इतिहासाला धरून होणार नाही. खर्चाचा खरा अंदाज कंपनीनेच २०१२ मध्ये सांगितला होता आणि धोक्याचा इशाराही बाहेरच्याच सल्लागारांनी दिला होता. दुर्मीळ तांत्रिक कौशल्य प्रत्येक सरकारने घरीच बाळगावे हे शक्य नाही. विहीर खणायला बाहेरचा माणूस बोलवावा लागतोच, मात्र पाणी कुठे हवे आणि किती हवे, हे घरच्यांना ठाऊक असावे लागते. कॅनडाने बाहेरचा माणूस बोलावला आणि त्याच सुमारास घरच्या जाणत्यांना निरोप दिला. एकाच बचतीच्या हिशेबात दोन्ही गोष्टी बसवल्या गेल्या, हे या प्रकरणाचे मूळ.

२६/
भरपाईचा शेवट फिका होता. २०१९ मधील करारानुसार अनेक संघटनांच्या सदस्यांना मनस्तापाबद्दल जास्तीत जास्त पाच दिवसांची रजा मिळाली. सर्वांत मोठ्या संघटनेने तो प्रस्ताव नाकारला आणि २०२० मध्ये आपल्या सदस्यांसाठी २,५०० डॉलरपर्यंतची रोख भरपाई मिळवली. मोडलेली पुंजी आणि गमावलेल्या संधी यांचा हिशेब त्यात पूर्ण बसणारा नव्हता. फिनिक्सच्या जागी नवी प्रणाली आणण्याचा शोध २०१८ पासूनच सुरू झाला. त्यासाठी पुन्हा कंपन्या आल्या आणि पुन्हा कंत्राटे झाली.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रकरणातून एक सवय उचलण्यासारखी आहे. ‘अमुक हजार पदे कमी करून अमुक कोटी वाचवले’ असे वाक्य कुठल्याही काळातल्या, कुठल्याही देशातल्या कागदात आढळले, की त्याच दप्तरातला कंत्राटांचा रुमाल सोडून पाहावा, आणि पुढच्या दहा वर्षांचा पाहावा. रद्द झालेल्या पदावरचा माणूस नेमके काय जाणत होता, ते ज्ञान त्याच्यानंतर कुणाकडे गेले आणि ते परत मिळवायला किती मोल पडले, हे तीन प्रश्न विचारावेत. मिरामिशीच्या बाबतीत त्यांची उत्तरे सरकारी अहवालांतच आहेत. १,२०० कारकुनांच्या पगारातून वर्षाला ७ कोटी वाचवायला निघालेले राज्य, दहा वर्षांच्या आत, त्यांच्या अनुपस्थितीची किंमत ३०० कोटींहून अधिक मोजून बसले.

(समाप्त)